पत्र कार्यालयाचे, व्यक्तीचे नव्हे
(ई-मेल सर्व्हरची ओळख करून देणारे भाषण)



जिंतूर तालुक्यातील बोरी येथून मुंबईस निघालेले पत्र कसे पोहोचते, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. टपाल कार्यालयात त्यावर शिक्का उमटतो, पिन कोड पाहून त्याची विभागणी होते आणि ते पत्त्यावर जाते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या पिन कोडचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी भाषिकच होते. ई-मेलची व्यवस्थाही अशीच आहे. तेथे टपाल कार्यालयाचे काम ई-मेल सर्व्हर ही संगणकप्रणाली करते.

सर्व्हरचे कार्य

१९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने जाळ्यातील एका संगणकावरून दुसऱ्यावर संदेश पाठविला आणि पत्त्यासाठी ‘ॲट’ चिन्हाची योजना केली. या चिन्हाच्या आधी पत्र घेणाऱ्याचे नाव असते. नंतर संस्थेचे, म्हणजे डोमेनचे नाव येते.

सर्व्हरची कामे मुख्यतः तीन. पहिले, पत्राची ने-आण. तिचे ‘एसएमटीपी’ नावाचे नियम १९८२ मध्ये निश्चित झाले. दुसरे, आलेली पत्रे ज्याच्या त्याच्या पेटीत सांभाळणे. तिसरे, खरा धनी ओळखून ती त्याला वाचावयास देणे. पलीकडचा सर्व्हर बंद असल्यास पत्र रांगेत थांबते व पुनःपुन्हा पाठविले जाते; पत्ताच चुकीचा असल्यास तशी सूचना परत येते. पोस्टफिक्स व डव्हकॉट या प्रणाली विनामूल्य मिळतात. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजसाठी मोल द्यावे लागते.

पेटी कोणाची?

समजा, एखाद्या ग्रामपंचायतीचा पत्रव्यवहार संगणकचालकाच्या खाजगी ई-मेलवरून चालतो. तो काम सोडून गेला, तर निधीची मंजुरी, मुदतीची पत्रे, ग्रामस्थांचे अर्ज त्याच्याच पेटीत अडकतात. नवा माणूस कोऱ्या पाटीने आरंभ करतो आणि नुकसान मात्र गावाचे होते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखास कायदेशीर मान्यता दिली आहे. म्हणून ई-मेल हेही दप्तरच होय. भारत सरकारच्या २०१५ च्या ई-मेल धोरणातही, जनतेशी संबंध येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी पदनामाच्या पत्त्याची शिफारस होती. माणूस बदलतो, पद राहते.

स्वतःचा सर्व्हर हवा काय?

लहान कार्यालयास त्याची गरज नाही. त्यासाठी अखंड वीज, जाणकार मनुष्यबळ, नित्य देखरेख व प्रतींचा साठा लागतो. शासकीय कार्यालयांनी शासनाची सेवा घ्यावी. सहकारी संस्था व व्यापाऱ्यांनी विश्वासू सेवादाराकडून ती भाड्याने घ्यावी. मात्र डोमेन संस्थेच्याच नावावर असावे. पत्र खरोखर त्या डोमेनवरूनच निघाले, हे पडताळणाऱ्या एसपीएफ व डीकेआयएम या खुणाही सेवादाराकडून बसवून घ्याव्यात. त्या नसल्यास पत्र संशयास्पद ठरून बाजूस पडते.

एवढे तरी करावे

पत्ता पदनामाचा असावा. सांकेतिक शब्द भिंतीवर लिहू नये. कार्यभार सोपविताना आवक-जावक नोंदवहीसोबत ई-मेल खात्याचाही उल्लेख यादीत व्हावा आणि नव्या अधिकाऱ्याने सांकेतिक शब्द त्याच दिवशी बदलावा.

कार्यालयाची किल्ली कोणी बदलीच्या गावी नेत नाही. ई-मेलच्या किल्लीबाबतही हीच शिस्त पाळली, तर बोरीसारख्या गावाचे दप्तर गावातच राहील.