कामगाराच्या हातातील कॅमेरा



चित्रपटाच्या इतिहासातील अगदी आरंभीच्या चित्रांपैकी एकाचा विषय कारखाना हा आहे. १८९५ साली फ्रान्समधील लिओं शहरात ल्यूमिएर बंधूंनी आपल्या कारखान्याच्या फाटकासमोर कॅमेरा उभा केला आणि सुट्टी झाल्यावर बाहेर पडणारे स्त्री-पुरुष कामगार त्यात टिपले. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसमध्ये तिकीट लावून जो पहिला खेळ झाला त्यात हे चित्र होते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झालेल्या खेळातही ते होते. चित्रपटाच्या जन्माशी कामगार असा जोडलेला आहे. परंतु या घटनेची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. कारखाना ल्यूमिएरांचा होता आणि कॅमेराही ल्यूमिएरांचाच होता. कामगार पडद्यावर आला तो मालकाच्या कॅमेऱ्यातून. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. हा संबंध कितपत बदलला, हा प्रश्न पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात विचारावा इतका दुसरीकडे क्वचितच विचारण्याजोगा असेल.

या पट्ट्याची घडण सर्वांना ठाऊक आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथील शेते वसाहतींखाली गेली. टेल्को आली, बजाज आली. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे खेड तालुक्यातील चाकणच्या माळावर देशी-विदेशी मोटार कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. सोलापूर, लातूर, बीड, नांदेडपासून बिहार, ओडिशापर्यंतचे तरुण येथे आले. एका खोलीत सहा-सहा जण पाळीपाळीने झोपतात, कंत्राटी म्हणून किंवा शिकाऊ म्हणून काही महिने राबतात आणि पुन्हा दुसऱ्या फाटकापुढे उभे राहतात. एवढे मोठे स्थलांतर, एवढी मोठी जीवनकथा येथे रोज घडते आहे; पडद्यावर मात्र या पट्ट्यातून दिसते ती बहुधा नव्या गाडीची जाहिरात.

याच प्रदेशाला चित्रकलेचा आणि चित्रपटाचा मोठा वारसा आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी परदेशी यंत्राची वाट न पाहता स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा शेतकऱ्याच्या कर्जाचा व शहरात मजूर होण्याचा चित्रपट काढला. त्यांच्या कंपनीत तयार झालेल्या कारागिरांनी १९२९ साली ‘प्रभात’ काढली. १९३३ मध्ये ती पुण्यास आली आणि १९३६ मध्ये देहूच्या वाण्याची, म्हणजे याच इंद्रायणीकाठची कथा सांगणारा ‘संत तुकाराम’ तिने काढला. त्याचा गौरव व्हेनिसपर्यंत झाला. प्रभातच्या जागेत १९६० साली चित्रपट शिक्षणाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली आणि १९६४ साली पुण्यातच चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झाले. निगडीहून प्रभात रस्ता पंधरा-वीस किलोमीटरांवर आहे. पण कारखान्यातील तरुणाला ते अंतर फार लांबचे वाटते, आणि त्याचे कारण किलोमीटरांत मोजता येत नाही.

नव्या, स्वतंत्र चित्रपटकाराला आज संधी नाही, असे म्हणणे खरे ठरणार नाही. २००२ पासून पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. त्यात विद्यार्थ्यांच्या चित्रपटांची स्पर्धाही असते. मुंबईत १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपट यांचा महोत्सव दर दोन वर्षांनी होतो. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव गोव्यात स्थिरावला आहे आणि २००७ पासून तेथेच राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा फिल्म बाजार भरतो; पटकथा घेऊन आलेल्या माणसाची निर्मात्याशी गाठ पडावी, हा त्याचा हेतू. २०२१ पासून त्याच महोत्सवात तरुण कलावंतांना निवडून थोड्या तासांत लघुपट करावयास लावण्याचा उपक्रम चालतो. केरळ राज्याची चित्रपट अकादमी २००८ पासून तिरुवनंतपुरम येथे लघुपट-माहितीपटांचा महोत्सव भरवते. यांशिवाय सरकारचा वा कंपन्यांचा पैसा न घेता चालणारे लोकांचे महोत्सव आहेत: २००६ मध्ये गोरखपुरात सुरू झालेली प्रतिरोधाच्या सिनेमाची चळवळ आणि २०१४ पासून कोलकात्यात भरणारा लोकांचा चित्रपट महोत्सव. लोकवर्गणीवर ते उभे आहेत. भोसरीत केलेला लघुपट तेथे जितक्या आस्थेने पाहिला जाईल तितका अन्यत्र क्वचितच पाहिला जाईल.

आणि सामान्य घरातील माणसे या वाटेने गेलीही आहेत. नागराज मंजुळे यांनी २००९ मध्ये अहमदनगरला शिकत असताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ त्यानंतर आले. भाऊराव कऱ्हाडे यांनी घरची जमीन विकून ‘ख्वाडा’ पूर्ण केला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहणारा माणूस लोकशाहीर आहे, २०१४ मध्ये त्या चित्रपटाचा व्हेनिस येथे सन्मान झाला. मुंबईच्या झोपडवस्तीत वाढलेल्या, कोणत्याही चित्रपट विद्यालयात न गेलेल्या रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५ साली अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रांतील सर्वोच्च पुरस्कार लाभला.

ही नावे अभिमानाची खरीच. परंतु ज्या व्यवस्थेत चित्रपट काढण्यासाठी जमीन विकावी लागते, त्या व्यवस्थेला संधीची व्यवस्था म्हणता येईल काय? ज्याच्यापाशी विकायला जमीनच नाही, त्याने काय विकावे? वर सांगितलेल्या संधींची नीट तपासणी केली तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. जवळजवळ प्रत्येक संधी चित्रपट तयार झाल्यावर सुरू होते. महोत्सव तयार चित्रपट मागतो. राज्य शासनाचे मराठी चित्रपटांसाठीचे अनुदान चित्रपट पूर्ण होऊन, त्याला प्रमाणपत्र मिळून, परीक्षण समितीने दर्जा ठरवल्यानंतर हाती पडते. तोवरचा पैसा, वेळ आणि धोका त्या माणसाने सोसावयाचा. ज्याला सोसता येतो तो स्वतंत्र चित्रपटकार होतो. ज्याला सोसता येत नाही त्याच्या डोक्यातील चित्रपट त्याच्याबरोबरच रात्रपाळीला जातो.

मोबाइल फोनमध्ये कॅमेरा आला, आता कुणीही चित्रपट काढू शकतो, असे उत्साहाने सांगितले जाते. यंत्र स्वस्त झाले हे सत्य आहे. वेळ मात्र महाग झाला आहे. बारा तासांच्या पाळीनंतर संकलनाला बसण्याचे त्राण कुणाला उरते? अनेक कारखान्यांत फाटकावरच फोन जमा करून घेतला जातो. म्हणजे ज्या जागी आयुष्याचा मोठा भाग जातो, नेमकी तीच जागा टिपण्यास बंदी. आणि जो कंत्राटी आहे त्याने फाटकाबाहेरील सभेचे चित्रण केले तरी उद्याचे काम हातचे जाण्याची भीती आहेच. कामगाराला कामाची शाश्वती नसेल, तर त्याच्या हातातील कॅमेराही मोकळा राहत नाही. चित्रपटाचा प्रश्न आणि कंत्राटी पद्धतीचा प्रश्न येथे एकच होतो.

यावर उपाय काय? तो एकट्या कलावंताच्या जिद्दीवर सोडून चालणार नाही. तो सामुदायिकच असला पाहिजे, आणि त्याची उदाहरणे देशातच आहेत. १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घातले आणि श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ निघाला. त्याच्या पटकथेत विजय तेंडुलकरांचा हात होता. त्याच वर्षी पुण्याच्या चित्रपट संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ ही सहकारी संस्था काढून ‘घाशीराम कोतवाल’ पडद्यावर आणला. केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या ओडेसा मंडळींनी गावोगाव चित्रपट दाखवून लोकांकडून लहान लहान रकमा जमवल्या आणि १९८६ मध्ये ‘अम्मा अरियान’ पूर्ण केला. सहकाराची भाषा महाराष्ट्राला शिकवावी लागत नाही. साखर, दूध, सूत यांत जे शक्य झाले ते चित्रपटात अशक्य का मानावे?

मात्र पैसा जमवणे हा अर्धाच भाग झाला. दुसरा भाग अधिक कठीण आहे, आणि तो कार्यकर्त्यांशी थेट संबंधित आहे. १९६७ साली फ्रान्समधील बझान्सों येथे कृत्रिम धाग्याच्या कारखान्यात कामगारांनी संप करून कारखाना ताब्यात घेतला. ख्रिस मार्कर हे डाव्या विचारांचे मोठे चित्रपटकार. त्यांनी सहकाऱ्यांसह त्या लढ्यावर चित्रपट केला आणि १९६८ मध्ये तो कामगारांपुढे लावला. कामगारांनी टाळ्या वाजवून वेळ साजरी केली नाही. हा चित्रपट बाहेरच्या माणसाचा आहे, यात कामगारांचे दुःख आहे पण स्त्रिया केवळ बायका म्हणून दिसतात, संघटना बांधण्याचे रोजचे काम दिसत नाही, असे त्यांनी सुनावले. मार्कर रागावले नाहीत. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी कामगारांना कॅमेरा आणि संकलन शिकवले. त्या गटाने १९६९ मध्ये घड्याळाच्या कारखान्यातील एका संघटक स्त्रीवर स्वतःचा चित्रपट केला. पुढे सोशो या प्यूजो मोटारीच्या नगरातही असाच गट उभा राहिला आणि जून १९६८ मध्ये पोलिसी कारवाईत दोन कामगार मारले गेले, त्याची नोंद त्याने चित्रपटात केली. मोटारीच्या नगरातील कामगारांनी हे पन्नास वर्षांपूर्वी केले आहे.

पिंपरीच्या इतिहासातही असे प्रसंग आहेत. राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोतील कामगारांचा संघर्ष पेटला आणि सप्टेंबर १९८९ मध्ये शनिवारवाड्यापाशी हजारो कामगार उपोषणाला बसले. पोलिसी बळाने ते उठवण्यात आले. त्या लढ्यातील डावपेचांविषयी मतभेद होते आणि आजही आहेत. त्यात भाग घेतलेली माणसे आता निवृत्त आहेत, काही काळाच्या पडद्याआड गेली आहेत. त्यांच्या मुलाबाळांपैकी कुणी कॅमेरा घेऊन त्यांच्यासमोर बसेल, तर जे वृत्तपत्रांत आले नाही ते नोंदले जाईल. हे काम पाच वर्षांनी करू म्हणून चालणार नाही.

येथे एक पथ्य मात्र पाळावे लागेल. पक्षाला आणि संघटनेला प्रचारपट हवासा वाटतो. सभेत लावण्यास सोपा, घोषणांनी भरलेला, शेवटी मुठी आवळलेला. असा चित्रपट कार्यकर्त्याला बरे वाटावे म्हणून केलेला असतो. खराखुरा चित्रपट संघटनेलाही अडचणीचे प्रश्न विचारील: कायम कामगारांच्या करारात कंत्राटी कामगार कोठे होता? सभेत स्त्रिया किती होत्या? व्यासपीठावर कोणत्या जातीची माणसे बसली होती? असा प्रश्न विचारणाऱ्या तरुणाच्या चित्रपटाला सभागृह मिळवून देण्याची तयारी असेल, तरच या कामास हात घालावा. २००४ साली मुंबईच्या महोत्सवात भारतीय माहितीपटांना सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची अट घालण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा शेकडो चित्रपटकारांनी विरोध केला आणि ‘विकल्प’ नावाने समांतर प्रदर्शन भरवले. सरकारी कात्रीला विरोध करणाऱ्यांनी पक्षाची कात्री हाती धरणे शोभणारे नाही.

आता प्रत्यक्ष करावयाच्या गोष्टी. पहिली, चित्रपट मंडळ. मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आणि पुण्याचा आशय फिल्म क्लब १९८५ पासून हे काम करीत आला आहे. चांगले चित्रपट पाहिल्यावाचून चांगले चित्रपट काढता येत नाहीत. चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरचे आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह ही करदात्यांच्या पैशांनी उभी राहिलेली आहेत. महिन्यातून एक सकाळ तेथे अल्प भाड्यात मिळावी, ही मागणी महानगरपालिकेकडे नेटाने केली पाहिजे. पाळ्या ध्यानात घेऊन एकच चित्रपट दोनदा लावावा लागेल.

दुसरी, कामगार कल्याण मंडळ. १९५३ च्या कायद्याने आलेल्या या मंडळाच्या निधीत कामगाराच्या वेतनातून दर जून आणि डिसेंबरात वर्गणी जाते. मंडळाच्या नाट्य स्पर्धांनी यंत्रावर काम करणाऱ्या कितीतरी माणसांना रंगभूमी दिली. त्याच धर्तीवर कामगारांच्या लघुपटांची स्पर्धा मंडळाने सुरू करावी आणि कल्याण केंद्रांत संकलनाचा एखादा संगणक ठेवावा. ही कुणाची मेहेरबानी होणार नाही; पैसा कामगाराचाच आहे.

तिसरी, आधी मिळणारे साहाय्य. केरळ सरकारच्या चित्रपट विकास महामंडळाने स्त्री दिग्दर्शकांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींच्या दिग्दर्शकांसाठी प्रत्येक चित्रपटास दीड कोटी रुपयांपर्यंत निर्मितीचा खर्च उचलण्याची योजना आणली. महाराष्ट्राने अनुदानाचा काही भाग पटकथेच्या टप्प्यावर देण्यास काय हरकत आहे? एका मोठ्या चित्रपटाच्या अनुदानात दहा लघुपट होतील.

चौथी, कामगार संघटनांनी आपल्या वार्षिक खर्चात एका लघुपटाची तरतूद करावी, तो करणाऱ्या सभासदाच्या बुडालेल्या पाळ्यांची भरपाई द्यावी आणि संकलनात हात घालू नये.

अण्णाभाऊ साठे हे गिरणीत राबलेले, शाळेत दीड दिवस गेलेले लेखक. लाल बावटा कलापथकाने त्यांना मंच दिला, तो १९४४ साली. त्यांच्या कथांवर पुढे चित्रपट निघाले, पण कॅमेरा इतरांच्या हाती होता. त्यांचा पुतळा आज निगडीच्या चौकात उभा आहे. जयंतीला त्यास हार घालणे सोपे आहे. त्याच चौकातून रोज पहाटे बसने चाकणला जाणाऱ्यांपैकी दहा जणांच्या हाती कॅमेरा, दहा रविवार आणि एक सभागृह देणे कठीण आहे. पण करावयाचे आहे ते हेच, आणि ते पुढच्या कामगार दिनापूर्वी सुरू करता येण्याजोगे आहे.