कामून पळतेस बाई?

(लातूर येथे झालेल्या महिला संघटनांच्या कार्यकर्ता शिबिरातील भाषण. थोडे संपादन करून देत आहोत.)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत कौटुंबिक हिंसा आहे, रेशन आहे, बालविवाह आहे, आणि मधेच माझा विषय आहे, बायकांचं पळणं. सकाळी चहाच्या वेळी एक ताई म्हणाल्याच, "हे काय नवं खूळ काढलंस?" त्यांचं म्हणणं रास्त आहे. आपल्या भागातली बाई दिवसभर उन्हात खुरपं घेऊन वाकलेली असते, तिला आणखी पळ म्हणून सांगणारी मी कोण? म्हणून आधीच सांगते, मी कुणाला पळायला लावायला आलेले नाही. व्यायामाचे फायदे सांगायला डॉक्टर आहेत. मी नांदेडला समुपदेशनाचं काम करते आणि चार वर्षांपासून तिथल्या एका पळणाऱ्यांच्या गटाबरोबर पळते. माहेर लातूरचं, त्यामुळे महिन्यातला एखादा रविवार इथल्या मंडळींबरोबरही पळणं होतं. या पळण्यात बायकांचं म्हणून जे दिसलं, तेवढं सांगते.

गट म्हणजे काही मोठी संस्था नाही. पहाटे पाचच्या आत मैदानावर जमायचं. त्यात डॉक्टर आहेत, व्यापारी आहेत, शिक्षक, बँकेतले, दोन-तीन पोलीस. रविवारी दहा-पंधरा किलोमीटर पळायचं, मग कुणाच्या तरी घरून आलेला सुशीला आणि चहा. मी गेले तेव्हा साठ-पासष्ट पुरुषांत आम्ही नऊ बायका होतो. माणसं चांगली आहेत. माझा पाय मुरगळला तेव्हा एका कापड दुकानदारांनी आपलं पळणं सोडून मला गाडीवरून घरी पोचवलं होतं. पण पहिल्या आठवड्यातच एक फरक ध्यानात आला. नवीन पुरुष आला की त्याला विचारतात, "आज किती पळालात?" नवीन बाई आली की विचारतात, "तुम्ही कशासाठी सुरू केलं?" घराशेजारच्या आजींनी तर सरळ विचारलं, "कामून पळतेस गं बाई? मागं कोण लागलंय?"

या प्रश्नाला आमच्या नऊजणींची उत्तरं तयार असतात. शुगर आहे. थायरॉईड आहे. बाळंतपणानंतर वजन उतरत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. डॉक्टरांचं नाव घेतलं की सासूबाई गप्प बसतात. जणू बाईला पहाटे घराबाहेर पडायला चिठ्ठीच लागते, औषधाच्या दुकानात लागते तशी. एकदा आम्ही बायकाच मागं राहिलो होतो, तेव्हा मी पुन्हा विचारलं, खरं सांगा, कशासाठी? बराच वेळ कुणी बोलेना. मग एक शिक्षिका म्हणाली, "या पाऊण तासात मला कुणी हाक मारत नाही." दुसरी म्हणाली, "घाम येतो तो माझ्या मर्जीचा असतो." तिच्या घरी अकरा माणसं आहेत.

माझं स्वतःचं कारण विचाराल तर, दिवसभर मी मारहाणीच्या हकिगती ऐकते. ऐकताना चेहरा स्थिर ठेवावा लागतो, आम्हाला एम.एस.डब्ल्यू.ला ते शिकवतात. पण ऐकलेलं कुठं ठेवायचं हे शिकवत नाहीत. पहाटे तीन-चार किलोमीटर झाले की खांदे आपोआप सैल होतात. याला मी कुठलं मोठं नाव देत नाही. मला बरं वाटतं म्हणून मी पळते. हे वाक्य घरात नुसतं, दुसरं काही न जोडता म्हणायला मला दीड वर्ष लागलं.

हा प्रश्न काही आपल्याच गल्लीतला नाही. 1928 साली एम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांना पहिल्यांदा 800 मीटर पळू दिलं. शर्यतीनंतर बायका दमून कोसळल्या, असं वर्तमानपत्रांनी रंगवून लिहिलं आणि ती शर्यतच बंद झाली, ती थेट 1960 साली रोममध्ये पुन्हा आली. पुरुषही शर्यतीनंतर जमिनीवर आडवे होतात, त्यांची शर्यत कुणी बंद केली नाही. पुरुषांची मॅरेथॉन 1896 पासून आहे, बायकांची ऑलिंपिकमध्ये आली 1984 साली. अठ्ठ्याऐंशी वर्षं बाईच्या गर्भाशयाची काळजी वाहण्यात गेली! आणि त्याच काळात रोजगार हमीवर आपल्या आया पोटुशी असताना दगड फोडत होत्या. तेव्हा नाही कुणाला काळजी वाटली.

त्याच 800 मीटरसाठी आमच्या मैदानावर रोज पहाटे दुसरा एक घोळका असतो, पोलीस भरतीच्या मुलींचा. कंधार, मुखेड, देगलूर, अहमदपूर अशा तालुक्यांतून आलेल्या, खोली करून राहणाऱ्या. भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलींना 800 मीटर असतात, मुलांना 1600. राज्याचं महिला धोरण 1994 साली आलं, सरकारी नोकरीत तीस टक्के जागा बायकांना मिळाल्या, त्यामुळे ही दारं उघडली. या मुलींना "कामून पळतेस" असं कुणी विचारत नाही. 'भरती' म्हटलं की बापसुद्धा ट्रॅक पँट घेऊन देतो. आमच्यापेक्षा दुप्पट वेगानं पळतात पोरी. पण यादीत नाव आलं नाही आणि वय वाढलं, की गावाकडे स्थळं पाहायला सुरुवात होते. गेल्या वर्षी अशी एक मुलगी निरोप घ्यायला आली. मी म्हटलं, सासरी गेल्यावरही पळत जा. ती हसली, म्हणाली, "आता कशासाठी सांगू, मॅडम?"

लता करे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. साठी ओलांडलेली शेतमजूर बाई. नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवेत म्हणून 2013 साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी पळाल्या आणि पहिल्या आल्या. पुढं त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं, राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. त्यांच्या हिमतीपुढं मी लहान आहे. पण त्यांची गोष्ट सांगणाऱ्यांकडं मी जरा संशयानं पाहते. "नवऱ्यासाठी धावली" हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. साध्या तपासणीसाठी शेतमजूर बाईला शर्यत जिंकावी लागते, याची लाज कुणाला वाटत नाही, आणि त्या पुढच्या वर्षी पुन्हा पळाल्या, याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. दुसऱ्यासाठी पळणारी बाई देवी होते. स्वतःसाठी पळणारी रिकामटेकडी.

रिकामटेकडी म्हणणाऱ्यांना मी आकडे दाखवते. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी 289 मिनिटं घालवतात, पुरुष 88. आमच्या गटात हा आकडा हजेरीवरून वाचता येतो. लातूरच्या गटातल्या बायका कुठल्या दिवशी येणार नाहीत हे मी आधीच सांगू शकते: त्यांच्या भागात नळाला पाणी येतं त्या दिवशी. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते लातूर देशानं पाहिलं. पण एरवीही पाणी कित्येक दिवसांनी येतं आणि ते भरायला घरात कोण थांबतं? त्या दिवशी तिचा नवरा मात्र वेळेवर हजर असतो, टाचा झाडून पळतो, आणि घरी गेल्यावर भरलेल्या पाण्यानं अंघोळ करतो.

आता मघाच्या ताईंच्या मुद्द्याकडं येते. आम्ही पळतो त्याच वेळी रस्ता झाडणाऱ्या बायका कामावर असतात. त्यांतल्या एका मावशीनं विचारलं होतं, "याचे पैसे भेटतात का?" नाही म्हटल्यावर ती झाडूवर हात टेकून मनापासून हसली. तिला आमच्या गटात आणावं असं मला वाटत नाही, तिला झोप हवी आहे आणि वेळेवर पगार. आमचा गट पोटभर जेवणाऱ्यांचा आहे, हे मान्यच आहे. तरी एक गोष्ट तिची आणि आमची सारखी निघाली. मैदानावरचं बायकांचं शौचालय सात वाजता उघडायचं. पुरुष भिंतीआड जातात. भरतीच्या मुली आदल्या रात्रीपासून पाणी कमी पीत, पाळीत तर येतच नसत, आणि मावशी आठ वाजेपर्यंत कळ काढत. अर्ज केला, दोन महिने उत्तर नाही. मग आम्ही नऊ, भरतीच्या बावीस मुली आणि झाडकामाच्या सात बायका अशा मिळून गेलो. मावशींचं निवेदन सगळ्यांत लहान होतं, "किल्ली द्या." आता किल्ली साडेचारला येते. पाणी अजून बादलीनंच न्यावं लागतं.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. पळून झाल्यावर गटाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची पद्धत आहे. आमच्यातल्या एकीचा फोटो असाच फिरत तिच्या भावकीत पोचला. टी-शर्ट, बाजूला परके पुरुष. नवरा स्वतः काही बोलला नाही, पण "लोक बोलतात" एवढं म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून ती येईना. आम्ही गटाच्या बैठकीत मागणी केली की विचारल्याशिवाय बाईचा फोटो टाकायचा नाही. त्यावर दोन तास वाद झाला. "आम्हाला काय वाईट नजरेचे समजता का" इथपर्यंत गेलं. शेवटी नियम झाला. मला विचाराल तर नियम योग्यच आहे, पण तो अपुराही आहे, कारण फोटो न टाकल्यानं ती परत आली नाही.

ती आता गच्चीवर पळते. गच्ची छोटी आहे, पाण्याच्या टाक्यांना वळसा घालून फेऱ्या मारते, खालच्यांची झोप मोडू नये म्हणून अनवाणी. आम्ही मैदानावर उड्या मारून अंग मोकळं करत असतो तेव्हा आम्हा बायकांच्या वेगळ्या गटावर तिचा निरोप येतो. आज सकाळी इथं यायला निघाले तेव्हाही आला होता: "एकशे दहा झाल्या."