जुन्या निगेटिव्ह आणि घरचा स्कॅनर

पुष्कळ घरांतून जुन्या फोटोंच्या निगेटिव्ह कागदी पाकिटांत पडून असतात. कागदावरचा फोटो विटला तरी त्याचें मूळ तेथें शिल्लक असतें. परंतु हें मूळहि अक्षय्य नव्हे. विसाव्या शतकांतील बऱ्याचशा निगेटिव्ह सेल्युलोज ॲसिटेटच्या फिल्मवर आहेत. उष्ण व दमट हवेंत ही फिल्म हळूहळू कुजते; तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊं लागतो, ती आकसते आणि अखेर तिच्यावरील चित्राला सुरकुत्या पडतात. तत्पूर्वीं तिची उत्तम नक्कल करून ठेवणें इष्ट.

साधा स्कॅनर कागदावरून परतलेला प्रकाश टिपतो. फिल्मला मात्र पलीकडून प्रकाश लागतो. म्हणून ज्याच्या झांकणांत दिवा आहे असा, उदाहरणार्थ एप्सनचा व्ही ६०० किंवा व्ही ८५०, स्कॅनर हवा. अशा यंत्रांच्या जाहिरातींत इंचास ६४०० ठिपके असा आंकडा असतो. प्रत्यक्ष तपशील त्याच्या निम्म्याहूनहि कमी मिळतो. ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्र ३६ × २४ मिलिमीटरचें असतें. तें २४०० ठिपक्यांनीं घेतल्यास सुमारें ११ × ७॥ इंचांची स्वच्छ प्रत छापतां येते. आंकडा ६४०० केल्यास फाईल सातपट फुगते, तपशील मात्र फारसा वाढत नाहीं.

खरा लाभ अन्यत्र आहे. या यंत्रांचें भिंग बहुधा एकाच उंचीवर स्थिर केलेलें असतें, आणि फिल्मची चौकट नेमकी त्याच उंचीवर बसेल असें नाहीं. यास्तव एखादें रेखीव चित्र निवडून, चौकटीखालीं कागदाच्या पट्ट्या वाढवीत, तेंच चार-पांच वेळां स्कॅन करावें. ज्या उंचीवर फिल्मचे कण सर्वांत स्पष्ट दिसतील ती कायम ठेवावी. फिल्म वांकलेली असल्यास मधला भाग स्पष्ट व कडा अंधुक येतात. म्हणून ती स्वच्छ कागदांत ठेवून कांहीं दिवस जड पुस्तकांखालीं दाबावी. फिल्म काचेला चिकटली तर रंगीत वलयें उमटतात. त्यांना न्यूटनचीं वलयें म्हणतात. त्यासाठीं मधें थोडें अंतर हवेंच.

धूळ रबरी फुंकणीनें उडवावी. फिल्म ओल्या फडक्यानें पुसूं नये. रंगीत निगेटिव्हवरील धूळ व ओरखडे अवरक्त किरणांनीं ओळखून पुसण्याची सोय कांहीं यंत्रांत असते. नेहमींच्या कृष्णधवल फिल्मसाठीं ती बंद ठेवावी. कारण तिच्यांतील चांदी हे किरण अडविते आणि चित्रच डाग समजलें जातें. कृष्णधवल चित्र १६ बिटांत, रंगीत चित्र ४८ बिटांत घ्यावें, व टिफ फाईल म्हणून ठेवावें. छाया आणि उजेड यांचीं टोकें कापलीं जाऊं देऊं नयेत. उठाव नंतर वाढवितां येतो. एकदां हरवलेला तपशील परत येत नाहीं.

आरंभ आंबट वासाच्या पाकिटांपासून करावा, व तीं इतरांपासून वेगळीं ठेवावीं. नक्कल झाली म्हणून मूळ टाकूं नये; थंड, कोरड्या जागीं जपावें. शिवाय चित्रांतील माणसांचीं नांवें घरांतील वडीलधाऱ्यांस विचारून त्याच दिवशीं लिहून घ्यावींत. तीं कोणत्याहि स्कॅनरला टिपतां येत नाहींत.