कर्णधार कोणास म्हणावे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत बोलण्याची आज्ञा झाली, त्याबरोबरच विषय निवडण्याची मुभाही आम्हास मिळाली. चिकपेटेतील मराठी माणूस बोलावयास उभा राहिला की तो शहाजीराजांपासून सुरुवात करणार, हे श्रोते गृहीत धरतात. ते वावगेही नाही. केंपेगौडांनी वसविलेले हे नगर १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि मराठी बोली या पेठांत रुजली. परंतु त्या विषयावर आमच्याहून अधिकारी व्यक्ती याच व्यासपीठावरून बोलून गेल्या आहेत. आम्ही निवडलेला विषय त्या मानाने किरकोळ वाटेल. खेळाच्या संघाचा चांगला कर्णधार कोणास म्हणावे, एवढाच प्रश्न आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत.

प्रश्न किरकोळ नाही, असे आम्हास का वाटते ते प्रथम सांगतो. आम्ही सरकारी नोकर. आमच्या जगात ज्येष्ठतेची यादी असते. वर्षे भरली, गोपनीय अहवाल ठीक असला, की माणूस खुर्चीवर बसतो. खुर्चीला अधिकार असतो आणि अधिकाराला आज्ञापालन मिळते. तथापि खुर्ची मिळाली म्हणून माणसे मिळतात असे नाही. खेळाच्या मैदानावर हे सत्य एका दुपारीत उघडे पडते. कचेरीत आणि मंडळात ते उघड व्हावयास वर्षे लागतात, इतकाच फरक. पन्नाशी पुरी करणाऱ्या संस्थेने पुढील पन्नास वर्षांचा नायक कसा ओळखावा, हा विचार म्हणूनच मैदानावरून सुरू करणे सोयीचे आहे.

शब्दापासूनच आरंभ करू. संस्कृतात 'कर्ण' म्हणजे कान, तसेच नावेचे सुकाणू. ते धरणारा तो कर्णधार. तो नावेचा मालक नव्हे आणि वल्ही मारणाराही नव्हे. नाव चालते ती वल्हेकऱ्यांच्या बळावर. पण कोणत्या दिशेने चालावी हे ज्याच्या हाती असते, तो मागे बसलेला असतो. आपल्या पूर्वजांनी संघनायकाला हे नाव देताना त्याची जागा आणि त्याची मर्यादा दोन्ही एका शब्दात सांगून ठेवल्या आहेत.

कर्णधाराचा पहिला गुण म्हणजे नियमांचे ज्ञान. हा गुण रुक्ष वाटतो, परंतु १९७१ सालच्या वेस्ट इंडिज दौऱ्याचे उदाहरण पाहा. अजित वाडेकर यांची नेमणूक निवडसमितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने झाली होती, आणि ती अनेकांना रुचली नव्हती. किंग्स्टनचा पहिला कसोटी सामना. पहिला दिवस पावसाने वाया गेलेला. आपले पाच गडी ७५ धावांत बाद झाले असता गोव्याचे सुपुत्र दिलीप सरदेसाई यांनी २१२ धावा करून डाव सावरला. आपल्या ३८७ धावांना वेस्ट इंडिजने २१७ धावांनी उत्तर दिले. आघाडी १७० धावांची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन देण्यास २०० धावांची आघाडी लागते. पण पहिला दिवस बुडाल्यामुळे सामना चार दिवसांचा ठरला होता, आणि चार दिवसांच्या सामन्यास १५० धावा पुरतात. वाडेकर प्रतिपक्षाच्या खोलीत गेले आणि गॅरी सोबर्स यांना त्यांनी पुन्हा फलंदाजीस येण्यास शांतपणे सांगितले. सामना अनिर्णित राहिला. परंतु बलाढ्य वेस्ट इंडिजवर फॉलोऑन लादता येतो, हे त्या दिवशी आपल्याच खेळाडूंना प्रथम कळले. नियमाच्या एका कलमाने संघाची छाती रुंदावली. स्टेट बँकेत अधिकारी असलेल्या या गृहस्थाने कलमाचा असा उपयोग केला, याचे आम्हा कारकुनी पेशातल्या लोकांना विशेष कौतुक वाटते.

दुसरा गुण म्हणजे माणसांची पारख. त्याच दौऱ्यात पोर्ट ऑफ स्पेनच्या सामन्यात वाडेकरांनी सलीम दुराणी यांच्या हाती चेंडू दिला. दुराणी लहरी म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी सोबर्सना शून्यावर त्रिफळाबाद केले आणि क्लाइव्ह लॉइडला झेलबाद केले. तो झेल वाडेकरांनीच घेतला. भारताने तो सामना जिंकला आणि मालिकाही. त्याच वर्षी २४ ऑगस्ट रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडचा पराभव झाला. त्या सामन्यातील दुसऱ्या डावात आपल्या बंगळूरच्या भागवत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ धावांत गुंडाळले. चंद्रशेखरांचा उजवा हात बालपणीच्या पोलिओने कृश झालेला. त्यांचा चेंडू कधी फलंदाजास चकवी, तर कधी सीमेपार जाई. अशा गोलंदाजास हिशेबी नायक दोन षटकांत बाजूला करतो. ज्याला माणूस कळतो तो नायक चार चौकार सोसतो आणि पाचव्या चेंडूची वाट पाहतो. मुंबईचा नायक आणि बंगळूरचा गोलंदाज यांच्या परस्परविश्वासातून तो विजय साकारला. या शहरात राहून मराठी बोलणाऱ्या आम्हा लोकांना त्यात दोन्हीकडचा वाटा मिळाला.

आता जरा कठोर प्रश्नाकडे वळतो. गुण असले म्हणजे नायकत्व मिळतेच काय? इतिहास तसे म्हणत नाही. चर्मकार समाजात जन्मलेले, धारवाडशी जन्माचे नाते असलेले पळवणकर बाळू हे आपल्या देशातील पहिल्या श्रेष्ठ गोलंदाजांपैकी एक. पुण्याच्या मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांना चाले. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. १९११ सालच्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना वर्षानुवर्षे नाकारले गेले. १९२० साली त्यांना संघातून वगळले तेव्हा त्यांचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. पुढे तडजोड झाली, बाळू उपकर्णधार झाले, आणि कर्णधार पै मैदानाबाहेर गेले असता काही काळ संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. अखेर १९२३ साली विठ्ठल यांना कर्णधारपद मिळाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली.

या हकिगतीत आम्हास दोन गोष्टी दिसतात. एक अशी की, नायक निवडताना संघाने जात पाहिली तोवर नुकसान बाळूंचे झाले, तितकेच संघाचेही झाले. दुसरी अशी की, दोघा भावांनी आपली जागा पणाला लावली, तेव्हाच दार किलकिले झाले. चांगला कर्णधार कोण, या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न असतो: निवडणारे कोण, आणि त्यांच्या नजरेवर झापड कशाची? आपल्या मंडळातही हा प्रश्न विचारला पाहिजे. कार्यकारिणीच्या नावांत त्याच चार आडनावांची आवर्तने होत असतील, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या भगिनींना व्यासपीठ केवळ हळदीकुंकवापुरते मिळत असेल, घरी मराठी आणि शाळेत कन्नड बोलणारा तरुण 'आपल्यातला नव्हे' असे ठरत असेल, तर आपला बाळू पळवणकर कदाचित मंडपाबाहेरच उभा आहे.

तिसरा गुण सचोटीचा. योगायोग असा की त्याचे उत्तम उदाहरण एका सुवर्णमहोत्सवातलेच आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना झाला. कर्णधार होते आपले गुंडप्पा विश्वनाथ. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत परतले होते. इयान बोथम आणि बॉब टेलर ही जोडी जमू लागली असता पंचांनी टेलरना यष्टीमागे झेलबाद ठरविले. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या विश्वनाथांची खात्री होती की चेंडू बॅटला लागलेला नाही. त्यांनी पंचांना विनंती केली आणि टेलरना परत बोलाविले. त्या जोडीने १७१ धावांची भागी केली. बोथमने शतक ठोकले, सामन्यात १३ बळीही घेतले, आणि इंग्लंडने दहा गडी राखून भारताचा पराभव केला.

यावर आक्षेप असा घेतला जातो की, उदार व्हावे ते स्वतःच्या खिशातून. संघाच्या पदरात पडलेला बळी परत देण्याचा अधिकार नायकाला कोणी दिला? आक्षेप बिनतोड वाटतो, परंतु त्यात एक गफलत आहे. तो बळी संघाचा नव्हताच. जे आपले नव्हते ते परत करणे यास औदार्य म्हणत नाहीत; तो हिशेबाचा चोखपणा होय. शिवाय दुसऱ्या डावात आपला संघ १४९ धावांत कोसळला, त्याचा दोष टेलरच्या पुनरागमनावर कसा टाकावा? विश्वनाथांनी केवळ दोन कसोट्यांत नेतृत्व केले. त्या काळातील कित्येक विजय लोक विसरले, हा पराभव मात्र आजही आदराने सांगितला जातो. वर्गणीचा हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येक कोषाध्यक्षाने ही गोष्ट मनाशी जपून ठेवावी.

चौथा गुण म्हणजे पराभव पचविण्याची ताकद. वाडेकरांनी १९७१ साली मिळविलेला मान १९७४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये ओसरला. लॉर्ड्सवर आपला डाव ४२ धावांत आटोपला, मालिका ३-० अशी गेली, आणि वाडेकर निवृत्त झाले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये येथे बंगळूरच्या मैदानावर एरापल्ली प्रसन्ना यांच्या कर्नाटक संघाने रणजी स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात मुंबईला पहिल्या डावाच्या आघाडीवर बाहेर काढले होते. मुंबईचे सलग पंधरा विजेतेपदांचे राज्य संपले, आणि कर्नाटकाने पुढे राजस्थानास हरवून प्रथमच रणजी करंडक पटकावला. चिकपेटेतील वडीलधारी मंडळी सांगत की त्या दिवशी कोणासाठी टाळ्या वाजवाव्यात, अशी पंचाईत झाली होती. आम्हास विचाराल तर दोन्ही संघांसाठी वाजवाव्यात. माहेर जिंको की सासर, लेकीला आनंदाचे निमित्त आहेच. वाडेकरांविषयी एवढेच सांगतो की, लोकांचा रोष सोसून ते कटू झाले नाहीत आणि १९९० च्या दशकात भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणून पुन्हा कामास लागले. पद गेल्यावरही कामास येणारा माणूसच पदास पात्र होता, असे म्हणावे लागते.

परदेशातलेही एक उदाहरण घेऊ. आपल्यापैकी काहींची मुले-नातवंडे मेलबर्न येथे स्थायिक आहेत. तेथे ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल फार लोकप्रिय आहे. मैदान लंबवर्तुळाकार, चेंडूही तसाच, आणि प्रत्येक बाजूस अठरा खेळाडू. मैदान इतके विस्तीर्ण की कर्णधाराचा आवाज दुसऱ्या टोकास पोहोचत नाही. डावपेच प्रशिक्षक ठरवितो. मग कर्णधाराने करावयाचे काय? त्याने अंगावर येणाऱ्या चेंडूस प्रथम भिडावयाचे, पडलेल्या सोबत्यास उचलावयाचे, आणि दमलेल्यांच्या देखत धावत राहावयाचे. बोलता येत नाही तेथे वागणे हीच आज्ञा होते. अनेक क्लबांत खेळाडू स्वतः मतदान करून आपले नेते सुचवितात, आणि अंतिम सामना जिंकल्यावर चषक कर्णधार व प्रशिक्षक दोघे मिळून उचलतात. एकट्याने चषक उचलावयाचा नाही, ही प्रथा आपल्या सभासंमेलनांतही रूढ करण्याजोगी आहे.

शेवटी आपल्या मातीतल्या खो-खोकडे येतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या महिला आणि पुरुष या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरविले. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राची लेकरे. आमच्या शाळेच्या पटांगणातला खेळ जगाच्या पटावर गेला, याचा अभिमान कोणास वाटणार नाही!

परंतु या खेळातला एक नियम आम्हास त्या चषकाहून मोठा वाटतो. पाठलाग करणाऱ्यास मागे फिरता येत नाही. आपला दम संपत आला, गडी हातून निसटू लागला, की पाठीमागून सोबत्यास 'खो' द्यावयाचा आणि त्याच्या जागी आपण खाली बसावयाचे. खो घाईने दिला तर डाव फिसकटतो, उशिरा दिला तर गडी सुटतो. बसलेल्यानेही खो मिळण्यापूर्वी उठावयाचे नाही. मात्र मिळताच क्षणाचा विलंब न लावता धावावयाचे.

पन्नास वर्षे ज्यांनी हे मंडळ धावते ठेवले, त्या ज्येष्ठांना आमचा नमस्कार. वर्गणीसाठी चिकपेटेतील दुकानांच्या पायऱ्या त्यांनी झिजविल्या, गणेशोत्सवाचे मंडप स्वतःच्या हातांनी बांधले. आता त्यांनी आणि आम्हा पन्नाशीतल्या लोकांनी योग्य वेळी, योग्य पाठीवर खो द्यावा, तोही मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असा. बसलेले तरुण-तरुणी सज्ज आहेत. त्यांना उठू द्यावे, आणि त्यांच्या चौकोनात आपण आनंदाने बसावे.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.