बसून करायचा स्वयंपाक



 आहारतज्ज्ञांच्या या परिषदेत मधुमेहावर, हृदयविकारावर, बालकांच्या कुपोषणावर चांगले निबंध वाचले जाणार आहेत. मी मात्र दादरच्या या सभागृहाच्या आसपासच राहणाऱ्या आणि तरीही आपल्या ओपीडीपर्यंत क्वचित पोचणाऱ्या माणसांविषयी बोलणार आहे. परळ, लालबाग, नायगाव, डिलाइल रोड, गिरगाव इथल्या चाळींत वरच्या मजल्यांवर अडकून पडलेली ही वयस्कर मंडळी आहेत. कोणी निवृत्त गिरणी कामगार, कोणी त्यांच्या बायका, तर कोणी सैन्यातून परत आल्यावर मुंबईत वॉचमनची नोकरी धरलेले सातारा-रत्नागिरीकडचे माजी सैनिक. गुडघे गेलेत, दम लागतो, आणि लिफ्ट नाही.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्या वेळी तिशीत असलेला माणूस आज पंचाहत्तरीला टेकला आहे. तो आयुष्यभर जेवला कसा, हे आपण आहारतज्ज्ञांनी नीट समजून घेतले पाहिजे. कोकणातून किंवा घाटावरून तो एकटाच मुंबईत आला. बायकोमुले गावी राहिली. एका गाळ्यात बरेच जण मिळून राहायचे, पाळी बदलली की झोपायची जागाही बदलायची. जेवण खाणावळीत. महिन्याचे पैसे भरायचे आणि दोन वेळा ताटावर बसायचे. ज्या बायकांनी हे गिरणगाव जेवू घातले, त्या स्वतः सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असत. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून या खाणावळवाल्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. हा इतिहास आपल्याला माहीत आहे आणि त्याचा आपल्याला सार्थ अभिमानही आहे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. चाळीस वर्षे कष्ट केलेल्या या पुरुषाच्या हातात डाव कधी आलाच नाही. आज त्याची बायको गेलेली आहे किंवा अंथरुणाला खिळलेली आहे. मुलगा बदलापूरला नाहीतर विरारला राहायला गेला. खाणावळी मिटल्या. रात्रीचे जेवण म्हणजे चहा आणि खारी.

अशा माणसाला आपण काय देतो? छापील आहारतक्ता. एक वाटी उसळ, एक वाटी पालेभाजी, एक वाटी कोशिंबीर. पालेभाजी कोण आणणार, कोण निवडणार, कोण चिरणार, याला तक्त्यात रकाना नसतो. माझे स्पष्ट मत आहे की ज्या माणसाला जिना उतरता येत नाही आणि ओट्याशी दहा मिनिटे उभे राहता येत नाही, त्याला तक्ता देणे म्हणजे काहीच न देणे. त्याला बसून करता येईल असा स्वयंपाक शिकवला पाहिजे. तो शिकवणे हे आपले काम आहे.

बीडीडी चाळीची खोली साधारण 160 चौरस फुटांची. पुनर्विकासात काहींना टॉवरमध्ये मोठी घरे मिळाली, पण असंख्य चाळींमध्ये अजून तेच चित्र आहे. एका कोपऱ्यात मोरी, तिच्या शेजारी ओटा. ओटा बांधताना उभे राहून काम करणारी धडधाकट बाई डोळ्यांसमोर होती. चिरायला विळी, आणि विळीवर बसायचे तर जमिनीवर. सत्तर वर्षांची बाई गुडघ्यांमुळे खाली बसू शकत नाही. सुरीची तिला सवय नाही, बोट कापायची भीती वाटते. म्हणून ती चिरणेच सोडते आणि घरातली भाजी बंद होते. आपण केस पेपरवर ‘भाजी खात नाही’ असे लिहितो. घडीची विळी टेबलावर मांडून, खाली घसरू नये म्हणून ओला फडका घालून, पाठ टेकता येईल अशा खुर्चीत बसून चिरायला शिकवले की तीच बाई पुन्हा दुधी चिरते, पडवळ चिरते.

दुसरी गोष्ट पाण्याची. संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याला मिळून. रात्री तिथवर जायला लागू नये म्हणून म्हातारी माणसे संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग बद्धकोष्ठ, मग भूक मेलेली, मग चक्कर. ‘दिवसाला आठ ग्लास’ असे सांगून त्यांच्यापर्यंत काही पोचत नाही. दिवसाचे बरेचसे पाणी सकाळपासून दुपारी चारपर्यंत पोटात जाईल असे पेज, ताक, पातळ आमटी यांचे वेळापत्रक बसवून द्यावे लागते. अर्थात, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

तिसरी गोष्ट श्वासाची. गिरणीच्या कार्डिंग आणि ब्लो रूममध्ये काम केलेल्यांच्या छातीत कापसाची धूळ बसलेली असते. त्या धुळीने होणाऱ्या आजाराचा, बिसिनोसिसचा, केईएममध्ये डॉ. एस. आर. कामत यांनी गिरणी कामगारांमध्ये अभ्यास केला होता. दम लागणाऱ्या माणसाला भरल्या ताटावर बसवू नये, कारण पोट गच्च भरले की श्वास अडतो. त्याला थोडे थोडे पण कसदार अन्न हवे. वयस्कर माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला किमान एक ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे आज अनेक तज्ज्ञ मानतात. चहा-खारीत ती कुठून येणार?

आता मी कुळथाच्या पिठीविषयी जरा सविस्तर बोलते, कारण बसून करायच्या स्वयंपाकाच्या वर्गांसाठी इतका चांगला पहिला धडा मला दुसरा सापडलेला नाही. कुळथात शंभर ग्रॅममागे सुमारे बावीस ग्रॅम प्रथिने असतात. तीन मोठे चमचे पीठ, म्हणजे साधारण तीस ग्रॅम, घेतले की एका अंड्याइतकी प्रथिने मिळतात. पीठ महिनाभर डब्यात राहते, चिरायला जवळजवळ काही नाही, दात नसले तरी चालते. आणि कोकणातल्या माणसाला ती आपल्या घरची वाटते, याचे मोल मी मोठे मानते. लालबागला एका मंडळाच्या तळमजल्याच्या खोलीत आम्ही हा धडा घेतला. कमी उंचीच्या टेबलावर शेगडी, समोर खुर्ची. पीठ, लसूण, मिरची, आमसूल, पाणी हे सगळे आधी एका ताटात मांडून घ्यायचे, म्हणजे मध्येच उठावे लागत नाही. पीठ आधी गार पाण्यात कालवायचे, गुठळी राहू द्यायची नाही. फोडणीत पाणी आणि आमसूल घालायचे, ते कोमट झाले की कालवलेले पीठ ओतत ढवळत राहायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे भरलेले पातेले सांडशीने उचलायचे नाही. गॅस बंद करायचा आणि डावाने वाटीत वाढून घ्यायचे. मनगटात जोर नसलेल्या माणसाचा भाजण्याचा धोका एवढ्याने पुष्कळ कमी होतो.

त्या दिवशी साचेखात्यातून निवृत्त झालेले एक काका ढवळत होते. मीठ घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी पाचही बोटांनी चिमूट भरली. मी ती ताटलीत घ्यायला लावली आणि चमच्याने मोजली. एका वाटीच्या पिठीत जवळजवळ दिवसभराचे मीठ जाणार होते. “बाई, खाणावळीत आमटी अशीच असायची,” काका म्हणाले. ते खरेच होते. सूत तुटू नये म्हणून साचेखात्यात मुद्दाम दमट हवा ठेवत. आठ तास घामाच्या धारा लागत. त्या शरीराला खारट आमटीने बरे वाटत असे. आता घाम नाही, रक्तदाबाची गोळी आहे, आणि जीभ तीच आहे. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट लहान चमचा, ही मर्यादा मी त्यांना आकड्यात सांगितली नाही. सकाळी तेवढे मीठ एका डबीत काढून ठेवायचे आणि दिवसभर त्यातलेच वापरायचे, एवढेच शिकवले. सुकट-जवळा आवडतो, तर कोमट पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यायचे. लोणचे, पापड, फरसाण आणि पाव यांतलेही मीठ मोजायचे. लालबागच्या मिरची गल्लीतून मिरच्या घेऊन डंखावर कुटून आणलेला मसाला बंद करायची काहीच गरज नाही, त्यात मीठ घातलेले नसेल एवढे बघायचे. आंबट आणि लसूण वाढवले की कमी मीठ जिभेला जाणवत नाही. पुढच्या वेळी काकांनी स्वतःच आमसूल जास्त टाकले.

बाहेर काय चालले आहे तेही आपण पाहावे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये आहारतज्ज्ञ प्रत्यक्ष स्वयंपाक शिकवतात, घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना पडद्यावरून शिकवतात. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वयंसेविकांनी म्हाताऱ्या माणसांच्या घरी गरम जेवण पोचवायला सुरुवात केली. डबे पोचवण्याची विद्या मुंबईला कोणी शिकवायला नको. आणि डबा लागणारच आहे. ज्याला शेगडीशी बसताही येत नाही, त्याला स्वयंपाकाचा आग्रह करणे क्रूरपणा ठरेल. पण ज्याचे हात चालतात, त्याला निव्वळ डब्यावर ठेवू नये असे मला वाटते. आज काय खायचे हे ठरवण्याचा हक्क त्याच्याकडे राहिला पाहिजे.

शिकवायला माणसे कुठून आणायची? माझ्या मते आपल्यापेक्षा चांगल्या शिक्षिका याच वस्तीत आहेत. खाणावळी चालवलेल्या, आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका. कोणाला किती लागते, कमी तेलात भाजी कशी उतरवायची, हे त्यांच्या हातात आहे. त्यांना मानधन द्या, सोबत एक तरुण आहारतज्ज्ञ द्या. जागेसाठी गणेशोत्सव मंडळांना विचारा. लालबागच्या राजाचे मंडळ डायलिसिस केंद्र चालवते. मूत्रपिंड निकामी झाल्यावर मंडळ जर पुढे येत असेल, तर त्याआधी रक्तदाब आणि मीठ आवरायला तळमजल्याची खोली आठवड्यातून दोन दुपारी का देणार नाही? आणि जे तळमजल्यापर्यंतही उतरू शकत नाहीत, त्यांच्या मजल्यावरच्या गॅलरीत टेबल आणि शेगडी घेऊन आपण चढायचे. शिकायला शेजारची सूनही बसेल, तिलाही लाभ होईल.

समारोपाच्या सत्रात यासंबंधीचा ठराव मांडला जाईल. गृहविज्ञान महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक चाळीत घ्यावे, आणि रुग्णालयांनी आहारतक्त्यासोबत रुग्णाच्या मजल्याची, जिन्याची, ओट्याची आणि स्वयंपाक करणाऱ्या हातांची नोंद ठेवावी, अशा त्यात दोन मागण्या आहेत. ठरावाला हात वर करणाऱ्यांनी कृपया बाहेरच्या टेबलावर आपले नाव आणि कोणती दुपार मोकळी आहे ते लिहून जावे. पहिले वर्ग परळ आणि नायगावला घ्यायचे आहेत आणि आपल्याला खुर्च्या, घडीच्या विळ्या आणि शिकवणारी माणसे, तिन्ही हवी आहेत.