पहिली-दुसरीच्या वर्गातील विशेष मूल आणि शाळेचा दिनक्रम



वणी तालुक्यातील पहिली-दुसरीच्या वर्गांत अधूनमधून एखादे मूल असे आढळते की, ज्याच्याविषयी बोलताना शिक्षकांचा आवाज आपोआप खाली येतो. ते जागेवर बसत नाही. घंटा झाली की कान दाबून धरते. शेजाऱ्याची पाटी हिसकावते. किंवा सकाळपासून एक शब्दही न उच्चारता दाराच्या कडीशी खेळत राहते. अशा मुलांच्या निराळ्या शाळा शहरांतून असतात. खेड्यात ते मूल गावच्या जिल्हा परिषद शाळेतच येते, आणि ते तसे यावे हेच योग्य होय. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्यान्वये प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही मुलास शाळेतून काढता येत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याने दिव्यांगतेचे 21 प्रकार मानले असून बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा त्यांत समावेश आहे. कायद्याने मूल शाळेच्या दारापर्यंत आणून पोहोचविले. आत आल्यावर दिवसभर त्याला कसे वागवावे, हे मात्र कायद्याच्या कलमांत सापडावयाचे नाही. ते शिक्षकालाच ठरवावे लागते.

सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक उपाय म्हणजे मुलाला घरी पाठविणे. हजेरीपटावर नाव कायम असते. कोणी त्याला काढून टाकलेले नसते. फक्त अकरा वाजता आईला निरोप जातो की, आज याला घेऊन जा. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली म्हणजे गावातील निम्म्या घरांना दिवसभर कुलूप असते. आई-बाप शेतात, आणि रस्त्यावरून कोळशाचे ट्रक एकामागून एक धावत असतात. सहा वर्षांचे, धोका न कळणारे मूल अशा वेळी शाळेबाहेर काढणे म्हणजे काय, याचा विचार घरी पाठवणाऱ्याने केलेला नसतो. त्यात आणखी एक गोष्ट घडते, ती लवकर लक्षात येत नाही. ओरडले की शाळा सुटते, हा धडा मूल त्या दिवशी शिकते. इतर धडे त्याला पन्नास वेळा गिरवून येत नाहीत, हा मात्र एका वेळेत पक्का होतो.

वर्तनाचा विचार करण्यापूर्वी शिक्षकाने काही साध्या गोष्टींची खात्री करून घ्यावी. तालुक्यातील कोलाम पोडांवरून येणाऱ्या मुलाची घरची भाषा कोलामी. ती मराठीच्या कुळातील नव्हे. तेलुगू-गोंडीच्या कुळातील आहे. त्याला ‘पाटी काढ’ म्हटले आणि त्याने काढली नाही, तर तो आज्ञा मोडतो असे नव्हे आणि त्याला बुद्धी कमी आहे असेही नव्हे. त्याला शब्दच कळलेला नसतो. दुसरे कोणी कान वाहत असल्यामुळे ऐकत नाही. तिसरे मूल बोलता बोलता क्षणभर शून्यात पाहत राहते आणि पुन्हा भानावर येते. हे दुर्लक्ष नसून फेफऱ्याचा एक प्रकार असू शकतो. विदर्भाच्या या भागात सिकलसेलचा आजार आहे, आणि हाडांच्या वेदनेने कळवळणारे मूल वर्गात चिडखोर दिसते. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांतून तपासणी करतात; असे मूल त्यांच्यापुढे आवर्जून उभे करावे, आणि पथक येण्यास अवकाश असेल तर पालकांस वणीच्या सरकारी रुग्णालयाची वाट दाखवावी. औषधाने बरे होणाऱ्या गोष्टीवर शिस्तीचा प्रयोग करीत बसणे हा वेळेचा अपव्यय तर आहेच, शिवाय तो मुलावर अन्यायही आहे.

एवढे झाल्यावर जे वर्तन उरते, त्याला भाषा समजावे. ज्याला शब्दांनी सांगता येत नाही, ते मूल हातांनी, दातांनी आणि पळून जाऊन सांगते. काय सांगते, हे ओळखण्यासाठी एक साधी वही पुरते. पानाचे तीन रकाने करावेत. पहिल्यात, घटनेच्या आधी काय चालले होते. दुसऱ्यात, मुलाने नेमके काय केले. तिसऱ्यात, त्यानंतर त्याला काय मिळाले किंवा त्याच्यावरचे काय टळले. ‘फार त्रास दिला’ असे लिहू नये. ‘पाटी फेकली, शेजारच्या मुलीच्या पायाला लागली’ असे लिहावे. वेळ टाकावी. आठ-दहा दिवस हे लिहिले की बहुधा पानच बोलू लागते.

असे समजा की, एक मुलगा रोज पाटी फेकतो आणि शिक्षक रोज त्याला बाहेर ओट्यावर बसवितात. वहीत पाहिले तर फेकण्याची वेळ नेहमी गणिताची. आधी फळ्यावर दहा उदाहरणे लिहिलेली. नंतर ओट्यावरची सावली आणि रस्त्यावरची गंमत. शिक्षकाच्या दृष्टीने ती शिक्षा, मुलाच्या दृष्टीने ती सुटका. मग उपाय दोन्ही बाजूंनी करावा लागतो. एकीकडे, दहा उदाहरणांऐवजी त्याच्यापुढे पाच चिंचोके ठेवून ते एकेक वाटीत टाकावयास सांगावे, म्हणजे काम त्याच्या आवाक्यात येते. दुसरीकडे, कंटाळा आल्यास सांगण्याची बरी रीत शिकवावी. लाल पुठ्ठ्याचा तुकडा त्याच्याजवळ द्यावा. तो त्याने शिक्षकाच्या हातात दिला की दोन मिनिटांची सुटी, माठाजवळ जाऊन पाणी पिऊन यावे आणि पुन्हा बसावे. प्रथम शिक्षकाने त्याचा हात धरून ही देवाणघेवाण करून घ्यावी, आणि पाटी फेकण्यापूर्वी करून घ्यावी, फेकल्यानंतर नव्हे. पाटी फेकून सुटका मिळत नाही, पुठ्ठा देऊन मिळते, हे त्याला अनुभवाने कळले पाहिजे.

येथे एक सूचना द्यावीशी वाटते, कारण पुष्कळ चांगले प्रयत्न याच ठिकाणी मोडतात. जे वर्तन आजवर फळ देत होते, त्याचे फळ बंद केले म्हणजे ते आधी वाढते. पहिले चार-पाच दिवस मूल जास्त ओरडेल, दोन पाट्या फेकेल. उपाय फसला असे शिक्षकास वाटते आणि चौथ्या दिवशी तो पूर्वीप्रमाणे त्याला बाहेर बसवितो. मुलाने त्यातून एवढेच घेतले की, थोडे ओरडून भागत नाही, फार ओरडावे लागते. म्हणून निश्चय टिकविण्याची तयारी नसेल तर आरंभच करू नये. आणि केला, तर मुख्याध्यापकांस, सहशिक्षकांस आणि खिचडी शिजविणाऱ्या बाईंनाही तो आधी सांगून ठेवावा.

आता दिनक्रमाकडे वळू. सामान्य मुलाला परिपाठानंतर हजेरी, हजेरीनंतर भाषा, मग पोषण आहार हे चार दिवसांत कळते. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या मुलाला पुढे काय येणार हे कळत नाही, आणि पुढचे न कळणे ही फार भीतीची गोष्ट आहे. म्हणून त्याच्या दृष्टीच्या उंचीवर भिंतीला सुतळी बांधावी आणि कपड्यांच्या चिमट्यांनी त्या दिवसाची चित्रे ओळीने लावावीत: हात जोडलेली मुले, पुस्तक, मणी, ताट, चेंडू, घर. काम संपले की मुलाने स्वतः ते चित्र उलटे करावे. चित्रही न कळणाऱ्या मुलाच्या हाती वस्तूच द्यावी. ताट हातात आले म्हणजे जेवण, चेंडू आला म्हणजे मैदान. ‘आधी मणी, मग चेंडू’ एवढे चार शब्दांचे बोलणे लांबलचक समजावणीपेक्षा अधिक काम करते. सूचना एका वेळी एक, आणि करण्याची सांगावी, न करण्याची नव्हे. ‘पळू नको’ यातील ‘पळ’ तेवढे त्याच्या कानी पडते. ‘हळू चाल’ म्हणावे. सांगून झाल्यावर मनात दहा आकडे मोजीपर्यंत थांबावे. पुष्कळ शिक्षक तिसऱ्या आकड्यालाच पुन्हा ओरडतात, आणि मूल बिचारे पहिलीच सूचना अजून मनात जुळवीत असते.

गोंधळ बहुतेक धड्याच्या मध्ये होत नाही, दोन धड्यांच्या मधल्या फटीत होतो. वह्या गोळा होत आहेत, शिक्षक दुसऱ्या इयत्तेकडे वळले आहेत, हात रिकामे आहेत. दोन शिक्षकी शाळेत ही फट रोज पुष्कळदा येते. ती बुजविण्याची युक्ती म्हणजे प्रत्येक बदलाची ठरलेली खूण आणि प्रत्येक हाताला ठरलेले काम. काम संपण्याच्या थोडे आधी टाळीचा तोच ठेका. मग तेच गाणे. त्या मुलाकडे खडूचा डबा नेण्याचे रोजचे काम. हात धुण्याच्या रांगेत ढकलाढकल होते ती ‘कोठे उभे राहावयाचे’ हे दिसत नसल्यामुळे. जमिनीवर चुन्याने पावले काढावीत. राजूरच्या भट्ट्या जवळ असताना चुन्याची वाण वणीत पडू नये. या साऱ्या गोष्टी पाठासारख्या शिकवाव्यात. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते. त्यानंतरचे दोन आठवडे पुस्तकाची घाई न करता रांग, ताट, पाणी आणि शौचालयाची वाट यांचाच सराव घेतला, तर पुढले दहा महिने सुखाचे जातात. आणि त्या मुलाने नीट केले की तत्क्षणी, काय नीट केले त्याचे नाव घेऊन सांगावे. नुसते ‘शाबास’ हवेत विरते. ‘डबा जागेवर ठेवलास’ हे लागू पडते.

ही साधने कोणास नवी किंवा परकी वाटण्याचे कारण नाही. मारिया मॉन्टेसरी यांनी रोम येथे 1907 मध्ये बालगृह काढले, त्याच्या आधी त्यांनी मंदबुद्धी म्हणून बाजूस टाकलेल्या मुलांत काम केले होते. तेथील अनुभव मग सर्व मुलांच्या कामी आला. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीस आणि 1957 पासून कोसबाडला आदिवासी मुलांत काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी कुरणशाळा चालवून शाळाच कुरणावर नेली. मुलाला दिनक्रमात बसविण्यापूर्वी दिनक्रम मुलाला बसतो का, हे पाहण्याची ती दृष्टी होती. वर्गात चित्रांची सुतळी लावणाऱ्या शिक्षकास थोड्याच दिवसांत असेही आढळेल की, ती पाहणारे मूल एकच नाही.

मूल मारू लागले, चावू लागले, तर प्रथम इतर मुलांना दूर करावे. आवाज चढवू नये, भोवती गर्दी करू देऊ नये, आणि ते शांत झाल्यावर लगेच ‘का मारलेस’ अशी जबानी घेऊ नये. उत्तर देता आले असते तर त्याने मारले नसते. वर्गाच्या एका कोपऱ्यात सतरंजी आणि एखादी मऊ वस्तू ठेवावी. तेथे जाणे ही शिक्षा नव्हे, विसावा आहे, हे शांत वेळी शिकवून ठेवावे. खोलीत कोंडणे, बांधून ठेवणे, छडी दाखविणे यांस 2009 च्या कायद्याच्या कलम 17 ने मनाई केली आहे. ती मनाई नसती तरी हे उपाय निरुपयोगीच ठरले असते, कारण भीतीने वर्तन दबते आणि शिक्षक पाठमोरा झाला की दुप्पट वर येते.

सोबत्याची योजना चांगली. परंतु बहुधा एकाच समजूतदार मुलीच्या गळ्यात हे काम पडते आणि वर्ष संपेतो ती बिनपगारी आया होऊन बसते. तिचे शिकणे कोणी पाहत नाही. सोबती आठवड्याने बदलावा, मुलांचाही त्यात क्रम लावावा.

आईला बोलावणे तक्रारीसाठीच असते, असा गावात समज आहे, आणि तो उगाच झालेला नाही. वेचणीची मजुरी बुडवून ती येते; तिला प्रथम मुलाने काय बरे केले ते सांगावे, आणि मग विचारावे: घरी हा रडला तर कशाने थांबतो? शौचास जाण्यासाठी घरी कोणता शब्द वापरता? तोच शब्द शाळेत वापरावा, तो कोलामी असो वा गोंडी. गटसाधन केंद्राकडून विशेष शिक्षक येतील त्या दिवशी तीन रकान्यांची वही त्यांच्यापुढे ठेवावी. तासाभराच्या भेटीत त्यांना जे दिसणार नाही, ते त्या वहीत असते.

दिनक्रम मोडण्याचे दिवसही येणारच. उकणी, निळजई या बाजूच्या गावांत खाणीचे सुरुंग उडतात. त्यांची वेळ ठाऊक असेल तर त्याआधी मुलाला जवळ घेऊन कानांवर हात ठेवण्यास शिकवावे. तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी सुतळीवर लाकडी बैलाचे चित्र लावून दाखवावे, ढोल किती वाजतील हे आधी थोडे वाजवून ऐकवावे, आणि मिरवणुकीत त्याला अगदी पुढे किंवा अगदी मागे ठेवावे, मध्ये नव्हे. सर्वांत मोठी मोड म्हणजे शिक्षक स्वतः बैठकीस किंवा प्रशिक्षणास जातात तो दिवस. त्यासाठी टेबलाच्या खणात एक कागद कायम असावा: मुलाचे नाव, कशाने घाबरते, कशाने शांत होते, लाल पुठ्ठा दिल्यास काय करावयाचे, शौचाचा शब्द, आणि घरी कोणी नसल्यास कोणत्या शेजारणीकडे निरोप द्यावयाचा. आदल्या दिवशी, मुले असतानाच, शिक्षकाने सुतळीवरचे आपले चित्र काढून त्या जागी बदली येणाऱ्या बाईंचे किंवा गुरुजींचे चित्र लावावे, आणि परत आल्यावर मुलाकडूनच आपले चित्र पुन्हा लावून घ्यावे.