रंधा अडतो तेव्हा

धाराशिव जिल्ह्यातील कित्येक जुनी घरे माळवदाची: लाकडी खांब, तुळया आणि वर मातीचा जाड थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उमरगा-लोहारा भागातील अशी पुष्कळ घरे कोसळली. तेव्हा वडिलोपार्जित घराचे एखादे दार हाती उरले असेल, तर ते जपूनच दुरुस्त केले पाहिजे.

रंधा अडखळू लागला की दोष लाकडाला दिला जातो. वस्तुतः तो बहुधा रंध्यातच असतो. प्रथम दाराचे खिळे काढावेत, चिरांतील माती झाडावी. एक खिळा सगळी धार घालवितो. मग पाते पाहावे. धारेवर उजेडाची रेघ चमकली, तर ती बोथट समजावी आणि धारेच्या दगडावर सुमारे ३० अंशांच्या कोनात लावावी. पाते तळाबाहेर केसभरच दिसावे. पाचर सैल असेल, तर पाते थरथरते व लाकडावर लाटा उमटतात. ढलप्या अडकत असतील, तर वरचे पाते खालच्यावर घट्ट टेकलेले नाही, असे जाणावे. रेषे उचकटू लागले, तर उलट दिशेने रंधावे.

लाकडी रंध्याचा तळ पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. ऋतू पालटताच त्यावर सरळ पट्टी धरून पाहावी.

एका वेळी एकच दुरुस्ती करावी आणि रंधा आधी टाकाऊ तुकड्यावर चालवावा. दारावर प्रयोग नको. उडालेली कपची पुन्हा जागी बसत नाही.